हरतील असंच लिहिलंय, वन्सं

ओहायो, ७ नोव्हेंबर

प्रिय रोझलिन वन्सं,

सप्रेम नमस्कार. ॲरिझोनाचं ऊन तुमच्या गुडघ्याला मानवतंय असं ग्रेग म्हणाला, ऐकून बरं वाटलं. मी डाव्या गुडघ्याचं विचारतेय. उजव्याचं तुम्ही फोनवर सविस्तर सांगितलंच होतंत. इकडे सगळं ठीक. ग्रेगचा घसा बसलाय (ओरडून), पपांची भूक गेलीय (न ओरडून), आणि मी उभी आहे, इतकंच माझ्याबद्दल सांगता येईल.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी मुळापासून तक्रार केल्याशिवाय मला हलकं वाटत नाही. बेसबॉलचे प्लेऑफ आले, की हुडाक घराण्यातल्या प्रत्येकाने प्रत्येक फेरीआधी कोण कुणाला किती सामन्यांत हरवणार ते लिहून, पाकीट बंद करून तुमच्याकडे पाठवायचं. शेवटी तुम्ही सगळी पाकिटं फोडायची आणि ज्याचा अंदाज सगळ्यांत जास्त चुकला त्याने थँक्सगिव्हिंगचा स्वयंपाक करायचा. माझ्या लग्नाला सतरा वर्षं झाली; त्यातली अकरा वर्षं टर्की मी भाजलीय. कारण साधं आहे. आपल्या संघाची मुलं प्लेऑफमध्ये असली की मी दर वेळी तीच जिंकणार असं लिहिते. (ती नसली, तर ज्यांनी त्यांना बाहेर काढलं ते हरणार असं लिहिते. तेही कधी हरत नाहीत.) ग्रेग आपल्या संघाची टोपी घालून दुसऱ्या संघाचं नाव लिहितो, शांतपणे, जसा काही वाणसामानाची यादी करतोय. पपांनी तर साठ वर्षांत एकदाही आपल्या संघाचं नाव लिहिलेलं नाही. लिहिलं की नजर लागते म्हणतात. मला ते जमत नाही. आपल्या हाताने आपल्याच माणसांचा पराभव लिहायचा म्हणजे आजाऱ्याच्या उशाशी बसून मयतीला किती खुर्च्या लागतील ते मोजण्यासारखं आहे.

यंदा मात्र मी दमले. एकोणीस माणसं, दोन ओव्हन (त्यातला एक रुसलेला), कार्लकाकांना कांदा नको आणि काकूंना कांद्याशिवाय काही नको. म्हणून मन दगडाचं केलं आणि पहिल्या फेरीला लिहिलं : आपण हरणार, सरळ तीन सामन्यांत. पाकीट बंद करायच्या आधी ग्रेगने ते वाचलं (नियमात बसत नाही, पण भाऊ तुमचा आहे) आणि माझ्यावर उखडला.

"तूसुद्धा?"

"तू दर वर्षी लिहितोस की!"

"माझं वेगळं. घरात एक तरी वेडं माणूस लागतं ना, मार्सी!"

दोन दिवस अबोला. मग आपण ती फेरी जिंकलो, आणि तिथून माझे हाल सुरू झाले. पपा आरामखुर्चीतून उठले, माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "सूनबाई, आत्ता कळलं! सतरा वर्षं तू जिंकणार म्हणून लिहीत होतीस, म्हणून हरत होतो आपण!" आणि त्याआधीची पन्नास-साठ वर्षं, असं मी विचारलं. "त्याआधी तुझी सासू लिहायची," म्हणाले. (आता समजलं, माझ्यावर सासूबाईंची एवढी माया का होती.)

दुसऱ्या फेरीला पपांनी फर्मान काढलं, की घरात सगळ्यांनी हरणार असंच लिहायचं, आणि मार्सीने सगळ्यांत वाईट हरणार असं. ही बातमी गल्लीभर झाली. टपालवाली ट्रूडी माझं पाकीट पिशवीत टाकेना, तिने ते छातीशी धरलं.

"हरतील असंच लिहिलंयस ना गं?"

"हो."

"किती सामन्यांत?"

"पाच."

"चार लिहायचं होतंस! जीव कशाला गुंतवतेस?"

जीव गुंतवायची मला बंदीच होती. सामना चालू असताना जिन्याच्या पायरीवर तोंड पाडून बसायचं. एकदा आपल्या संघातल्या एका मुलाने चेंडू कुंपणापार मारला आणि मी टाळ्या वाजवत उठले, तर पपा ओरडले, "बस खाली! हरतोय आपण, विसरलीस?" आपण तीही फेरी जिंकलो. तुमच्या भावाने मला नवीन पेन आणून दिलं. वाढदिवसाला आणलं नव्हतं.

शेवटच्या फेरीचं काय झालं ते तुम्ही पाहिलंतच. सातवा सामना, शेवटचा डाव, एका धावेने मागे, दोन गडी वाटेत उभे, आणि उंच गेलेला तो चेंडू कुंपणाला पाठ लावून त्यांच्या संघातल्या त्या हडकुळ्या पोराने झेलला. पपांनी टीव्ही बंद केला, टोपी खुंटीला अडकवली आणि म्हणाले, "थंडी आली, फर्नेसचं फिल्टर बदलायला झालंय." आपण शेवटचं अजिंक्यपद जिंकलो तेव्हा ते सात वर्षांचे होते. आता चौऱ्याऐंशी.

मला कुणी बोल लावला नाही. ग्रेग म्हणाला, तू तुझं काम केलंस. ट्रूडी दारात थांबून रडली आणि म्हणाली, तुझी चूक नाही गं, तू तर नीट लिहिलं होतंस. इतकी सहानुभूती मला बाळंतपणातही मिळाली नव्हती.

तर पहिल्या दोन फेऱ्यांत सगळ्यांत वाईट हार मीच लिहिली असल्यामुळे यंदाही तळाला मीच असणार. टर्की सांगून ठेवलीय. तुम्ही नक्की या. जिना चढायला नको म्हणून खालची खोली आवरलीय.

तुमची भावजय,
मार्सी

ता. क. शेवटच्या फेरीची पाकिटं अजून फोडली नसतील, तर माझं फोडू नका. जाळून टाका. वन्सं, मी हरणार असं लिहायलाच बसले होते. पपा पलीकडे बसून टोपी ओल्या फडक्याने पुसत होते, सावकाश, शाळेच्या पहिल्या दिवशी बूट पुसावेत तशी. मी लिहिलं : आपण जिंकणार, सात सामन्यांत. खाली दोन रेघाही मारल्या.

ता. क. २. पपांचंही फोडू नका. काल ते स्वयंपाकघरात आले, दार लोटलं आणि म्हणाले, "सूनबाई, माझ्यामुळे हरलो. सगळ्यांना दम दिला आणि मी स्वतःच आपलं नाव लिहून बसलो. आयुष्यात एकदा लिहून बघावंसं वाटलं गं. रोझलिनला सांगू नकोस, ती सगळ्यांसमोर मोठ्याने वाचते." त्यांचे डोळे भरले होते. मी लगेच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात ते म्हणाले, की प्रायश्चित्त म्हणून यंदाचे सगळे बटाटे तेच सोलणार, रुसलेला ओव्हन घासणार आणि जेवणानंतरची भांडीही तेच धुणार.

ता. क. ३. मी त्यांना सांगणार आहे. नक्की सांगणार, शेवटचं भांडं पुसून फडताळात गेलं की त्याच मिनिटाला. तोवर तुम्ही कृपा करून गप्प राहा. आत्ता ते माझ्यासमोर बसून सरावाचे बटाटे सोलतायत, जाड साल काढतायत, आणि वन्सं, सतरा वर्षांत या स्वयंपाकघरात मी पहिल्यांदाच बसलेय.