एका जबड्याच्या वयाची दुरुस्ती

मी, लोरेन ट्वाइट, वय सत्तावन्न, राहणार ट्वाइट खोरे, पश्चिम विस्कॉन्सिन, धंद्याने दुभत्या गाईंचा शेतकरी आणि सवयीने तालुक्याच्या साप्ताहिकातला हरणांविषयीचा वार्ताहर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. सोमवारी डॉक्टर माझी छाती उघडणार आहेत. डोके उघडण्याची गरज त्यांना वाटलेली नाही. त्यावरून ते शाबूत आहे असे समजावे.

कलम १. घर, गोठा, गाई आणि या मृत्युपत्रात अन्यथा न दिलेली सर्व जमीन माझी पत्नी मार्डेल हिला. हे सर्व आजवर तिनेच सांभाळले आहे. कागदावर नाव तेवढे माझे होते.

कलम २. रायफल माझी भाची कर्स्टन हिला. अट एकच: साडेचार वर्षांखालच्या नरावर ती रोखू नये. शिंगांवर भाळू नये. पोट लोंबते का, पाठ खोलावली आहे का, मान छातीत मिसळली आहे का, हे आधी पाहावे. हे ज्ञान माझे नाही. ज्यांचे आहे त्यांचे नाव कलम चारमध्ये येते.

कलम ३. मचाणाची शिडी मेहुणा आर्लिन यास. त्याने जन्मभर हरणे ट्रकच्या काचेतून पाहिली. एकदा चढून पाहावे, ही नम्र विनंती.

कलम ४. नाल्याकाठचे चाळीस एकर माझे शेजारी श्री. डेलमार स्कार, वय सत्तर, यांना. याचे कारण लिहिणे भाग आहे, आणि ते लिहायला मला अकरा वर्षे लागली.

पूर्वी आमच्या खोऱ्यात शिंग फुटले की नर मेला, अशी रीत होती. रानात माद्यांची गर्दी, आणि नर म्हणावे ती सगळी पोरे. डेलमार यांनी खोऱ्यातल्या आठही घरांना एकत्र बसवून मंडळ काढले. माद्या जास्त मारायच्या, तरुण नर सोडायचे, शेताच्या कडेला हरणांना चरायला क्लोव्हरचे गवत आणि सलगम पेरायचे, आणि मारलेल्या प्रत्येक हरणाचा खालचा जबडा वय ठरवायला जमा करायचा. साडेचारच्या आतला नर मारणारा मंडळाबाहेर, हा नियमही त्यांनीच मांडला. दाढांची झीज पाहून वय सांगण्याचे काम माझ्याकडे आले. पाडसे जूनमध्ये जन्मतात आणि शिकार नोव्हेंबरात होते, म्हणून आमच्या हिशेबात प्रत्येक वयाला अर्धे वर्ष चिकटलेले असते.

२००६ च्या नोव्हेंबरात डेलमार यांनी आखूड शिंगांचा एक नर आणला. मी दाढा पाहिल्या आणि सर्वांसमक्ष म्हणालो, "साडेतीन."

"अरे, पोट बघ त्याचं! चर्चच्या जेवणावरून उठल्यासारखं लोंबतंय."

"दाढा सांगतात तेच मी सांगणार, डेलमार."

"माझ्या मऊ क्लोव्हरवर वाढलाय तो. दाढा झिजणार कशा?"

सॉसेज बनवणारी ज्युएल बाक्के मंडळाची सभासद. ती म्हणाली, "दात प्रयोगशाळेत पाठवा की. एवढी घाई कसली?"

पण डेलमार टोपी घालून उठले होते. "नियम माझाच आहे," म्हणाले, आणि गेले. त्याच आठवड्यात मी साप्ताहिकात 'एक अधीर शेजारी' या मथळ्याखाली दोन रकाने लिहिले. नाव घातले नाही. खोऱ्यात घरेच आठ. नावाची गरज नव्हती.

मग आपण बरोबर होतो हे सिद्ध करण्यासाठी त्या जबड्यातले पुढचे दोन दात मी स्वतःच प्रयोगशाळेत पाठवले. दाताच्या मुळाशी झाडासारखी वर्तुळे असतात, ती मोजतात. फेब्रुवारीत पत्र आले: साडेपाच. पाहताना झाली ती चूक होती. पत्र खणात ठेवले, त्यानंतर प्रत्येक दिवशी झाले ते पाप. छापलेले दोन रकाने परत घ्यायची लाज वाटली, याहून मोठे कारण माझ्याकडे नाही.

मंडळाबाहेर राहूनही डेलमार यांनी अकरा वर्षांत एकही तरुण नर मारला नाही. माझ्या झाडांवरच्या कॅमेऱ्यांनी हे मला दर मोसमात दाखवले. आमच्या भिंतींवरची निम्मी शिंगे त्यांच्या ऐंशी एकरांत वाढली आहेत.

कलम ५. माझ्या मृत्यूनंतर कलम चारमधील हकीकत, या वेळी नावांसह, साप्ताहिकात माझ्या रकान्याच्या जागी छापावी.

पुरवणी, त्याच दिवशी दुपारी.

वकीलबाईंनी बजावले होते की साक्षीदार दोन हवेत, आणि त्यांना मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये. मिळत असेल तर ती देणगी रद्द. मी ज्युएलला आणि पाद्रीबाबांना बोलावले होते. ज्युएल आली ती डेलमारना घेऊन.

"पाद्रीबाबांना ताप आहे," ती म्हणाली. "वाटेत हे दिसले, गाडीत घातले."

"कर सही," डेलमार म्हणाले. "माझ्या गाई खोळंबल्यात."

साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही. मी मजकूर झाकून कागदावर तळहात ठेवला, हे येथे नमूद करतो. मग उचलला.

"तुम्हाला साक्षीदार होता येत नाही. यात तुमचं नाव आहे."

"माझं? आता आणि काय छापतोस?"

मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचले. चौथे कलम दोनदा वाचले.

"पत्र फेब्रुवारीत आलं?"

"हो."

"आमचा म्हातारा एप्रिलमध्ये गेला. अंथरुणात विचारायचा, डेलमार, खरंच का रे पोरगेलं जनावर मारलंस? मी सांगायचो, बाबा, लोरेननं दाढा बघितल्यात. तो खोटं नाही बोलायचा."

त्यांनी कागद टेबलावर ठेवला.

"पेन दे," ते म्हणाले.

"सही केलीत तर चाळीस एकर जातात."

"म्हणून तर मागतोय. आणि हे मेल्यावर छापतोस होय? तेव्हा तोंड लपवायला तू असशील कुठे? या गुरुवारी छाप. ज्युएल, घेऊन जा गं छापखान्यात."

"नेते की," ज्युएल म्हणाली. "आणि लोरेन, आठवतंय ना, दात पाठव म्हणून मी तेव्हाच सांगितलं होतं."

"आणि मी माफ केलं असलं काहीबाही लिहू नकोस," डेलमार म्हणाले. "तसं मी बोललेलो नाही."

तसे ते बोललेले नाहीत.

सबब कलम ४ मधील देणगी रद्द. ते चाळीस एकर मार्डेलकडे जातील. हकीकत कायम. कलम ५ मधील 'माझ्या मृत्यूनंतर' हे शब्द खोडून 'येत्या गुरुवारी' असे वाचावे. सोमवारी मी वाचलो, तर डॉक्टर घरी सोडतील त्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी गावच्या मासळीच्या जेवणाला नेहमीच्या टेबलावर हजर राहीन. ज्याला जे बोलायचे असेल त्याने ते तेथे तोंडावर बोलावे.

स्थळ: ट्वाइट खोरे. शनिवार, १४ ऑक्टोबर २०१७.

लोरेन ट्वाइट

साक्षीदार: ज्युएल बाक्के. सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार: डेलमार स्कार. सही माझ्यासमोर झाली. मजकूर वाचला. जबड्याचे वय बरोबर आहे.