मूठ उघडेपर्यंत

बाबा, तुमची मूठ का उघडत नसे ते मला गेल्या महिन्यात कळलं, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाल्यावर. येरवड्याच्या आपल्या दोन खोल्यांत एक नियम होता. तुमचं मारून झालं की तुमची मूठ उघडेपर्यंत कोणी हलायचं नाही, रडायचंसुद्धा नाही. आईचं डोकं भिंतीवर आपटून तुम्ही खुर्चीत बसता, मूठ मांडीवर तशीच आवळलेली. आई आणि मी ओट्याला टेकून त्या मुठीकडे बघत उभ्या. बोटं एकेक करून सुटतात, सावकाश. आम्हाला वाटायचं, राग अजून उतरलेला नाही. आई कपाळावर पदर दाबून धरायची आणि मागे भात करपायचा.

मी चौथीत होते तेव्हा तुमच्या कारखान्यातले साहेब घरी आले होते. मी चहाचा कप पुढे केला, त्यांनी धरला, पण माझी बोटं कपाच्या कानातून सुटेनात. त्यांनी ओढला आणि चहा त्यांच्या शर्टावर सांडला. "पोरीला चहा द्यायचा नाहीये वाटतं," म्हणून ते हसले. ते जिना उतरले आणि तुम्ही लाटणं उचललंत. "सोड म्हटलं की सोडायचं! कळलं? सोडायचं!" माझा हात ओट्यावर दाबून धरून तुम्ही बोटांवर मारत राहिलात. करंगळी मोडली. ती अजून वाकडीच आहे.

गेल्या महिन्यात कर्वेनगरच्या माझ्या स्वयंपाकघरात मी उभ्याउभ्या कोसळले. शुद्धीवर आल्यावर मुलाला म्हटलं, पित्त झालंय. तुम्हालाही दोनदा पित्तच झालं होतं. तिसऱ्यांदा कंपनीच्या बसमध्ये चढताना पडलात ते उठलाच नाहीत. माझा मुलगा मला ओढत दवाखान्यात घेऊन गेला म्हणून मी वाचले. डॉक्टरीणबाईंनी मूठ घट्ट मिटायला सांगितली, मग म्हणाल्या, "आता पटकन उघडा." मला उघडता येईना. स्नायूंचा आनुवंशिक आजार आहे, म्हणाल्या. आवळलेला स्नायू लवकर सैल होत नाही, आणि पुढे हाच आजार हृदयातही शिरतो. ठोके मध्येच थांबतात, माणूस जागच्या जागी जातो. वेळेवर कळलं तर पेसमेकर बसवता येतो. मला पुढच्या आठवड्यात बसवणार आहेत. मुलाला हा आजार असण्याची शक्यता निम्मी, त्याचं हृदय आत्ताच तपासून घ्या, असं त्यांनी दोनदा बजावलं.

आईला सांगितलं तर ती रडायलाच लागली. "बघ, आजारी होते गं ते. आपण उगीच त्यांना..." मी हातातलं ताट भिंतीवर फेकलं. म्हटलं, मूठ उघडायची नाही ती आजाराने, पण ती उगारायला कुठला आजार लागतो? तेव्हा कुठे तिने सांगितलं की कारखान्यात पाना तुमच्या हातातून सुटायचा नाही, बरोबरचे हसायचे, आणि डॉक्टरचं नाव काढलं की तुम्ही तिला मारायचात. म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. माझ्या हातात अडकलेला कप पाहून तुम्ही तुमचाच हात ओळखलात आणि तो मोडायला निघालात. एक शब्द बोलला असतात तर कदाचित जगला असतात, आणि हे सगळं मी तुमच्या तोंडावर ओरडले असते. आता पत्र लिहितेय, तेही टाकायला पत्ता नाही. तुमचा फोटो परवा मीच फोडला. आईला सांगितलं, खिळा निसटला.

हा आजार त्यालाही असू शकतो, हे मुलाला मात्र मी सांगितलं नव्हतं. सायकलचा ब्रेक दाबला की त्यानंतर तो बोटं झटकत राहतो, हे मी कितीतरी दिवस बघत होते. काल ठरवलं, तुमच्यासारखं गप्प राहायचं नाही. तो क्लासहून आला तेव्हा म्हटलं, "इकडे ये जरा." सोमवारी तपासायला जायचंय, घाबरू नकोस, एवढंच मला बोलायचं होतं. पाठीवरची बॅगही न काढता तो जवळ आला आणि आधी त्याने कोपर चेहऱ्यापुढे धरलं. "आता काय केलं मी?"

मीही मारते, बाबा. हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.