पप्पांना राहू दे

भाग्यश्री,

संध्याकाळी तुझ्या वर्गातली मुलं पार्टीला येतील तेव्हा मी घरी नसेन. बारावी पासचा केक फ्रिजमध्ये आहे. गच्चीची चावी टीव्हीशेजारी ठेवली आहे. गाणी दहाला बंद करा, खालच्या काकांची उद्या पहिली पाळी आहे. कोणाला टक्के विचारायचे नाहीत, हे आईलाही बजावलं आहे.

काल तू तिला म्हणालीस, "पप्पांना राहू दे." घरी राहू दे, की बोलवायचं राहू दे, ते मला बाहेरच्या खोलीत कळलं नाही. विचारलंही नाही. म्हणून पालघरला आत्याकडे चाललो आहे.

घरी राहू दे म्हणाली असशील, तर फोन कर. मिळेल त्या गाडीने बोईसरला परत येतो. इस्त्रीचा शर्ट पिशवीत घेतला आहे.

पप्पा