साहेबांनी कॉफी खाली ठेवली

आदरणीय मामा,

सलाम. तुमच्या गुडघ्याला आराम पडला असेल, मामींचा खोकला गेला असेल आणि यंदा ऑलिव्ह भरघोस आले असतील, असं धरून चालतो. आमची खुशाली विचारू नका. विचारलीत तर सांगावी लागेल, आणि मला सांगायला तोंड नाही.

आमचं इर्बिद शहर चहूबाजूंनी सुटलंय. काल जिथे काकड्या होत्या तिथे आज चार मजली इमारती. (त्यांची घाण मात्र अजून काकड्यांच्याच पाटानं जाते, म्हणजे उतारावरून थेट तुमच्या धाकट्या बहिणीच्या, आपल्या फिद्दामावशीच्या, दाराशी.) ड्रेनेज लाईनसाठी मंत्रालयातून पैसा आणीन, असं छाती ठोकून सांगत मी नगरसेवक झालो. मावशीनं माझ्यासाठी घरोघरी मतं मागितली. अखेर मंत्रालयाचे साहेब पाहणीला आले. साहेब आले म्हणजे पाहुणे आले! आधी मन्सफची, कोकरू-भाताची मेजवानी, मग कॉफी, मग पाहणी, असं मी ठरवलं. (उलटं करायला हवं होतं, हे आता शाळेतली पोरंही मला ऐकवतात.)

मन्सफचं अख्खं कोकरू संपलं. कॉफी आली. साहेबांनी कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला. आपली रीत तुम्हाला ठाऊकच आहे: पाहुण्यानं कप खाली ठेवला म्हणजे त्याचं काही मागणं आहे, आणि यजमान हो म्हणेपर्यंत तो घोट घेणार नाही. अख्खी गल्ली बघत होती. माझं तोंड आपोआप उघडलं, "कॉफी घ्या साहेब, मागाल ते दिलं!" साहेब म्हणाले, "मग यंदा तुमचा अर्ज मागे घ्या. शेजारच्या गावाला आधी लाईन देऊन टाकू." आणि कॉफी प्याले. वर आणखी एक कप मागितला.

पाहणी राहूनच गेली. मावशीला सांगायला गेलो तेव्हा ती दारातलं पाणी खराट्यानं लोटत होती. "पाहुण्याचा मान राखलास हो, बाळा," म्हणाली, "माझ्या नाकाचं तेवढं राहिलं." तिनं मान वर करून बघितलंसुद्धा नाही. मला माझी फार लाज वाटते, मामा. हल्ली मशिदीतही मी शेवटच्या रांगेत उभा राहतो.

तुमचा भाचा,
मिथकाल

ता. क. पत्राचं खरं कारण असं, की लाईन येईपर्यंत मावशीला तुमच्याकडे ठेवून घ्याल का? तिला मी अजून विचारलेलं नाही.

पुन्हा ता. क. विचारलं. ती म्हणाली, "पाहुणी म्हणूनच जायचं, तर लांब कशाला?" आणि गाठोडं घेऊन आमच्या चढावरच्या घरी आली. तिच्या घरात आता मी राहायचंय, असं तिचं मागणं आहे. पाहुणीला नाही कसं म्हणणार? तुमचे शेतातले रबरी बूट तेवढे पाठवा. तिचे माझ्या पायाला होत नाहीत.