तुमचा केसही वाकडा झाला नाही

मास्तर,

लिहायला फार उशीर झाला, माफ करा. मानमोडीच्या साथीत तुम्ही गेलात, त्यालाही आता एक पिढी उलटली. मधे लिहिलं नाही, कारण लिहायला बसलो की शब्द वाईट यायचे. आजही वाईटच येणार, पण आता थांबता येत नाही. येत्या रविवारी लोणावळ्याच्या शाळेत तुमची तसबीर लागणार आहे. तुम्ही काढलेलं झाडांचं मंडळ पुन्हा सुरू झालंय, आणि पहिल्या सभासदांपैकी मी एकटाच उरलोय, म्हणून तसबिरीवरचा पडदा बाजूला करून चार शब्द मी बोलायचे आहेत. तुमची मुलगी स्वतः सांगायला आली होती. चहा घेतला, पाया पडली. मी हो म्हटलं. मी काय बोलणार हे तिला ठाऊक नाही.

तेव्हा मी रेल्वेत नुकताच सांधेवाला म्हणून, गाड्यांचे रूळ बदलायच्या कामावर, लागलो होतो. शाळा चौथीत सुटलेली. रविवारी सकाळी शाळेच्या ओसरीवर तुम्ही मंडळ भरवायचात. पोस्टमास्तर, डॉक्टर, वकील, त्यांच्या घरच्या बायका, आणि कोपऱ्यात मी. तुम्ही टेबलावर एखादी डहाळी ठेवता, ती हातोहात फिरते, आणि जो तो सांगतो की पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक. विलायती गुलाबाला पाणी घालणाऱ्यांना दारातली भोकर ओळखता येत नाही, असं तुम्ही म्हणता आणि सगळे हसतात. आमच्यासारख्या वाडीवरच्या माणसाला ‘अहो’ म्हणणारे तुम्ही पहिलेच. मला तुम्ही एक भिंगही दिलं होतंत, पितळी कडीचं. ते मी कामावर असतानाही खिशात ठेवायचो. हे सगळं खरं आहे, आणि रविवारी तेही सांगणार आहे. नाहीतर लोक म्हणतील, म्हातारा नुसता आकसानं बोलतो.

आमच्या वाडीवरची राई मंडळाला दाखवायची, हे तुमच्या मनात आलं. देवीची राई होती ती. हिरडे, जांभळी, अंजनी, आणि माणसाच्या मांडीएवढा गारंबीचा वेल. माझा बाप तिथला पुजारी. देवळाचं आढं मोडलं तरी तो आधी देवीच्या पाषाणाला दोन कळ्या चिकटवून कौल लावायचा. उजवी पडली तर राईतलं आपोआप पडलेलं लाकूड घ्यायचं, डावी पडली तर पाऊस गळू द्यायचा. उभ्या झाडाला लोखंड लावायचा कौल कुणी लावलाच नव्हता. तुम्ही त्याच्यापुढं हात जोडून उभे राहिलात. तो म्हणाला, “मास्तर, पायतान भाईर काडा. आन हात कशाला लावू नगा. हितलं पडल्यालं पान बी आमी घरी नेत न्हाई.” तुम्ही म्हणालात, “शब्द देतो, आबा.”

शब्द दिलात, आणि आत गेल्यावर गारंबीपाशी थांबलात. वरच्या फुलोऱ्याची मांडणी बायकांना नीट दिसेना, म्हणून खिशातला चाकू काढून एक फांदी खाली ओढलीत आणि छाटलीत. सगळी वाडी कडेला उभी होती. कुणीतरी बाई हुंदका दिल्यासारखा आवाज करून खाली बसली. तुम्ही फांदी वर धरून शांतपणे सांगितलंत, “बघा, काही झालं का? भीतीनं राखलेलं रान एक दिवस जातंच. समजून राखलेलं टिकतं.” पुढचं वाक्य मंडळानं ऐकलं. वाडीनं ‘काही झालं का’ एवढंच ऐकलं. तुमच्या भाषणावर मंडळानं टाळ्या वाजवल्या, देवीच्या पुढ्यात. तुम्ही अनवाणी परत निघालात तेव्हा बाप तुमच्या पायांकडं बघत होता.

मग कोळशाचा ठेकेदार आला. तो आधीही येऊन गेला होता, पण तेव्हा वाडीतल्या एकानंही कुऱ्हाड उचलायला होकार दिला नव्हता. या खेपेला चावडीवर माझाच चुलता म्हणाला, “मास्तरनं देवीम्होरं चाकू चालवला. त्याचा केस बी वाकडा झाला न्हाई. मग आपल्यालाच का खाईल ती?” सगळे हसले आणि ठरलं. एका हिवाळ्यात राई भट्ट्यांत गेली. उन्हाळ्यात राईखालचा झरा आटला, आणि बायका पवना नदीपर्यंत हंडे घेऊन जायला लागल्या. बापानं कौल लावणं सोडलं. म्हणायचा, आता विचारायचं काय आणि कुणाला. पुढच्या पावसात तो गेला. दुखणं काही नव्हतं.

तुम्ही पाहायला आलात, खोडांमधून फिरलात, डोळे पुसलेत. मला वाटलं, आता तुम्ही बोलाल. रविवारी बोललात, पण ते असं की अडाणी लोकांनी लोभापायी आपलं सोनं जाळलं, म्हणून खेडोपाडी मंडळं निघायला हवीत. मी कोपऱ्यातून उठलो. म्हटलं, मास्तर, लोकांची भीती कुणी काढली तेही सांगा. तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत. “खाली बस. तू इथं शिकायला येतोस, शिकवायला नव्हे.” पोस्टमास्तर खोकले. त्या दिवशी मी पाळीवर गेलो, तुमचं भिंग रुळावर ठेवलं, आणि पुण्याकडची मालगाडी त्यावरून जाईपर्यंत झेंडी घेऊन उभा राहिलो. तेवढ्यानं काही भागलं नाही. नंतर तुम्हाला भर ओसरीवर गाठीन म्हणत होतो, तर साथीनं मधेच नेलं. मास्तर, तुम्ही फार सोयीनं मेलात.

घरची म्हणते, “गेल्याल्या मानसाशी कसलं वैर? त्या लेकीनं तुमचं काय केलंय?” काही नाही केलं. रविवारी ती पुढं बसेल, नवी पोरं हार घेऊन उभी असतील, आणि मी पडदा सारून हे सगळं सांगीन. ती रडेल. रडू दे. माझी आईही रडली होती, तिला कुणी खुर्ची दिली नव्हती. मला काळजी वेगळीच आहे. खोकला मधेच उसळला तर? धागा सुटला तर? पोरं हसली तर? दोन दिवस जेवण जात नाही. अंगणात उभा राहून बोलून बघतो, आणि दर वेळी तुमच्या त्या ‘खाली बस’पाशी येऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

हे पत्र पेटीत पडणार नाही, एवढं मलाही कळतं. तरी विचारतो. तुम्हाला शेवटी कळलं होतं का, कुणामुळं गेली राई? व्हय की न्हाई, एवढंच कळवा, रविवारच्या आत. उत्तर काहीही आलं तरी मी बोलणारच आहे. पण तुमच्यासमोर पुन्हा उभं राहायचं म्हटलं की मी पुन्हा ओसरीच्या त्या कोपऱ्यात जाऊन बसतो, मग समोर नुसती तसबीर का असेना. म्हणून जरा लवकर कळवा.