बाईंच्या ओळखीचे गृहस्थ

२ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टर म्हणाले, छंद लावून घ्या. ऑपरेशनला दोन वर्षं होत आली, छाती ठणठणीत, रिपोर्ट चोख. मग हा सल्ला कशाला? म्हणे, "तुम्ही दिवसातून चार वेळा रक्तदाब मोजता. तो त्यानंच वाढतो." मोजू नको तर काय करू! चौतीस वर्षं कारखान्यात मोजमाप विभागात काढली. केसाएवढा फरक नुसत्या बोटानं ओळखायचो.

ही शेजारी बसून मान डोलावत होती. "सांगा, सांगा. माझं ऐकत नाहीत."

जिना उतरता उतरताच ठरवलं — मासेमारी! बसून करायची, पाण्याकाठी, मोकळ्या हवेत. हिलाही बरोबर न्यायचं. बिचारी माझ्यापायी दोन वर्षं घरात अडकली आहे. गुरुवारी बहिणीकडे जाते, तेवढाच काय तो विरंगुळा.

४ फेब्रुवारी, बुधवार

काठी, रीळ, तीन मापांचे गळ, शिशाच्या गोळ्या. दुकानदार म्हणाला, "पहिल्यांदाच ना? मग एका मापाचे पुरे." त्याला काय कळतंय! एक पुस्तकही आणलं. दोन प्रकरणं वाचून झाली.

संध्याकाळी दिवाणखान्यात फेक करून बघितली. पंचेचाळीस अंशांचा कोन धरायचा. गळ पडद्यात! ही आतून आली, एका हातानं चटकन गळ सोडवला आणि म्हणाली, "मनगट सैल सोडा."

"तुला काय ठाऊक?"

"नाही हो, आपलं सहज."

मग मी तिला वारा, भरती आणि आमिष यांचा परस्परसंबंध समजावून सांगितला. चाळीस मिनिटं. फार लक्ष देऊन ऐकत होती. एकदाच जांभई आली, तीही तिनं गिळली.

५ फेब्रुवारी, गुरुवार

ही बहिणीकडे. रक्तदाब फक्त तीनदा मोजला.

७ फेब्रुवारी, शनिवार

उद्या! भरती सकाळी नऊ चाळीसला. आठ पंचवीसला निघायचं. हिला सूचना दिल्या — कडेला जायचं नाही, गळाला हात लावायचा नाही, मासा लागला तर आरडाओरडा न करता मला हाक मारायची.

"बरं," म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "दुसऱ्या एखाद्या बंदरावर नाही का जाता येणार?"

पायी पंधरा मिनिटांवर बंदर असताना बसनं तासभर जायचं? माणसानं नव्या गोष्टीला इतकं बिचकू नये.

८ फेब्रुवारी, रविवार

सगळं लिहून काढतो. क्रमानं. नाहीतर डोकं फुटेल.

आठ पंचवीसला निघालो. बंदराच्या फाटकाशी वॉचमननं मला अडवलं. "पिशवी उघडा." हिला मात्र सलाम ठोकला. "आज रविवारी कशा काय, बाई?"

मला वाटलं, माणूस चुकला. धक्क्यावर पोचलो तर जाळी विणणारी एक मावशी जागेवरूनच ओरडली, "बाई, तुमची खुर्ची शेडमागं आहे हो!"

तुमची. खुर्ची.

ही शेडमागं गेली आणि घडीची खुर्ची घेऊन आली. निळी. हिच्या मापाची. मी हिच्याकडे बघितलं, हिनं पाण्याकडे.

तेवढ्यात एक दाढीवाला आला. सगळे त्याला कॅप्टन म्हणतात. (नंतर कळलं, त्यानं आयुष्यात बोट चालवलेली नाही. पोस्टात होता.) माझ्याकडे बोट करून म्हणाला, "बाई, हे कोण?"

अडतीस वर्षांचा संसार. दोन मुलं, एक नातू. हिनं पदर सावरला. मग म्हणाली, "हे... ओळखीचे आहेत. शिकायचंय त्यांना."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. आयुष्यात पहिल्यांदाच.

मग पुढचे तीन तास मी ओळखीचा होतो. "अहो, जरा उजवीकडे टाका," ही म्हणायची. 'अहो' ही हाक किती सोयीची! नवऱ्याला चालते, ओळखीच्या गृहस्थालाही चालते. कुणाला शंका यायची नाही.

माझी पहिली फेक — पंचेचाळीस अंश, काटेकोर — कॅप्टनच्या टोपीत. टोपी पाण्यात. हिनं तिच्या काठीनं ती पहिल्या फटक्यात अलगद वर काढली. (तिची काठी! तीही शेडमागंच असते.) धक्क्यावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिला.

मग हिला मासा लागला. चांगला हातभर. ओढायची, सैल सोडायची, पुन्हा ओढायची. चेहऱ्यावर असं काहीतरी होतं की मी सूचना द्यायचं विसरलो. मासा वर आल्यावर कल्ल्याखाली बोट घालून गळ काढला. ओला हात साडीला पुसला. घरी ही झुरळ दिसलं तर मला हाक मारते!

मी मासा मोजला. साडेअडतीस सेंटिमीटर. कुणी विचारलं नव्हतं.

ही मावशीशी बोलायला गेली तसा कॅप्टन माझ्याजवळ सरकला. आवाज खाली आणून म्हणाला, "एक सांगू? राग मानू नका. बाई फार सज्जन आहेत. उगाच काही मनात आणू नका."

"म्हणजे?"

"यजमान गेले त्यांचे. दोन वर्षं झाली. आम्ही सगळे त्यांना जपून असतो."

मी काठी घट्ट धरली. कशानं गेले, विचारलं. "हृदय," म्हणाला. माझा हात आपोआप छातीकडे गेला, तो मी खाजवल्यासारखं करून खाली घेतला.

"कसे होते?"

"आम्ही कुठं बघितलेत? पण फार हुशार असावेत. सगळंच यायचं म्हणे त्यांना."

"फार आठवण काढते का — काढतात का?"

"छे. विषयच काढत नाहीत." मग जरा विचार करून, "सुटल्यासारख्या वाटतात, खरं सांगायचं तर."

मयत माणसाला इतकं स्पष्ट कुणी सांगत नाही. मी त्याचे आभार मानले.

परत येताना पंधरा मिनिटांच्या वाटेला चाळीस मिनिटं लागली. मासा मी धरला होता. मासा रात्री तळला. उत्तम झाला होता. हे लिहिताना जिवावर येतंय, पण उत्तम झाला होता.

९ फेब्रुवारी, सोमवार

अबोला. रक्तदाब मोजला नाही. मेलेल्या माणसाला काय करायचाय?

१० फेब्रुवारी, मंगळवार

मेहुणीला फोन केला. "गेल्या गुरुवारी ही किती वाजता आली होती हो तुमच्याकडे?"

"नेहमीच्याच वेळेला!" एका दमात. मग, "का बरं?" मग, "दाराशी कुणीतरी आलंय हं," आणि फोन खाली. मेहुणी खोटं बोलण्यात हिच्याइतकी तरबेज नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

न राहवून मीच बोललो. चहा टेबलावर ठेवत होती. म्हटलं, "मी मेलो हे मला कुणी कळवलं नाही."

ती हसली नाही. बसली. कपाच्या कानाशी चाळा करू लागली.

"मी असं कधीच म्हणाले नाही," म्हणाली. "तुमचं ऑपरेशन होतं त्या दिवशी. पाच तास लागतील म्हणाले. हॉस्पिटलच्या खिडकीतून तो धक्का दिसत होता. तिथं जाऊन बसले. रडत होते. मावशीनं काही विचारलं नाही. हातात काठी दिली, म्हणाली, धर जरा, आलेच. ती आलीच नाही तासभर. मला मासा लागला. कॅप्टन आले, म्हणाले, कोण गेलं? मी म्हणाले, नवरा... आणि पुढं बोलताच येईना. आत नेलाय, असं म्हणायचं होतं."

"मग नंतर सांगायचंस!"

"पुढच्या आठवड्यात आभार मानायला गेले तर सगळे इतके हळुवार वागत होते. त्या दिवशी जमलं नाही. नंतर फार उशीर झाला. आता काय सांगू, नवरा उठून बसला म्हणून?"

"आणि मला? मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही शिकवायला आला असता."

पुस्तकाचं तिसरं प्रकरण मी त्याच सकाळी तिला वाचून दाखवायला काढलं होतं.

मग हळू म्हणाली, "ते पाच तास मला काहीच सुचत नव्हतं हो. गॅसचं पुस्तक कुठं असतं, तेसुद्धा आठवेना. तेव्हा ठरवलं, आठवड्यातून एक दिवस तुम्ही नाहीतच असं धरून काढायचा. तालीम म्हणून. पहिले दोन-तीन महिने नुसती रडायचे तिथं. पुढं मासे लागायला लागले."

"कॅप्टन म्हणाला, सुटल्यासारखी वाटतेस."

"वाटायचंच. संध्याकाळी घरी यायचे तर तुम्ही दारात, धडधाकट. घड्याळ बघत. दर गुरुवारी."

चहा निवला. तिनं पुन्हा गरम केला. मी अर्धा कप जास्त घेतला.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी मी टोपी घालून तयार. ही सोफ्यावर. "आज तुम्ही एकटेच जा. मी घरी."

"का?"

"कोण आधी जाणार हे डॉक्टरांनी कुठं लिहून दिलंय? तुम्हालाही सवय नको का?"

गेलो. निळ्या खुर्चीवर बसवेना, म्हणून दगडावर बसलो. तीनदा मान वळवून बोलायला गेलो, शेजारी कुणी नाही. शेवटी मी कोण ते सांगून टाकलं. कॅप्टन बराच वेळ निरखत राहिला. म्हणाला, "तब्येत बरी दिसते." मग इकडेतिकडे बघून, "आणि बाई कुठं आहेत?"

"घरी आहे," मी म्हणालो.

त्याला नीट ऐकू गेलं होतं. तरी मी पुन्हा एकदा म्हणालो.