खिशातला चाकू

१४ नोव्हेंबर, दुकानातून

प्रिय दादा,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू ते उघडलंस, असं धरून चालते. आई बरी आहे. तिचा गुडघा कुरकुरतो आणि तीही. सध्या दुकानात मी बसते. बाबा का नाहीत ते पुढे सांगते, आधी कामाचं.

घडीचे मोठे चाकू पारखायचे कसे? हसू नकोस. लहानपणी काउंटरखाली बसून मी सगळं ऐकायचे, म्हणून तर तू मला चोमडी म्हणायचास. पण हातात चाकू कुणी दिला नव्हता. आता दिवसभर उघडते नि मिटते. मला वाटायचं, धार चांगली म्हणजे चाकू चांगला. पण धार काय, कुणीही लावून देतं. मिटलेला असताना पातं मुठीच्या बरोबर मधोमध बसतं का, हे आधी बघायचं. मग उघडताना कुठे अडखळतं का. खटका पुरता बसतो की नुसता टेकतो. शेवटी पात्याचं टोक चिमटीत धरून आडवं हलवायचं. पातं तळहाताहून लांब, त्यामुळे बुडाशी केसाएवढी ढिलाई असली तरी टोकाला चांगलं डुलतं. हे माझं मला कळलं, तेव्हा इतकी खूश झाले की आईला जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "चाळिशी उलटल्यावर बरं सुचलं खेळायला."

भाव मात्र सांगता येत नाही. बाबांची रीत तुला ठाऊक आहे. विकायला आलेला चाकू आधी त्यांच्या खिशात जायचा. दोऱ्या काप, खोकी फोड, फळं चीर, असा वापरून झाला की मगच किंमत. गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

परवा तंबू शिवणारे काका आले होते. त्यांना मोठा चाकू हवा होता. मी चार दाखवले, तर त्यांनी काउंटरच्या कोपऱ्यात पडलेला पाचवाच उचलला. काळपट लाकडी मूठ, टोकाला कोरलेला छोटा मासा.

हो, तुझाच. तू केलेला पहिला. बाबांनी भरल्या दुकानात उघडला, हलवला, "डुलतंय," म्हणाले आणि काउंटरवर ठेवून दिला. तू घर सोडलंस ते त्या शब्दामुळे, असं आई अजून समजते. मला तसं वाटत नाही. कुणाही परक्याचा चाकू ते खिशात घालायचे आणि तुझा घातला नाही, ते तुला लागलं.

मी काकांना म्हटलं, "हा घेऊ नका, डुलतो."

"कुठे डुलतो?" त्यांनी माझ्यापुढे धरला.

मी हलवून पाहिला. जराही नाही. मग डोळ्याजवळ नेला. पातं फिरतं त्या खिळीपाशी पातळ पितळी चकती बसवलेली आहे, हाताने कापलेली. तू पितळ कधीच वापरलं नाहीस. मुठीची एक बाजू इतकी गुळगुळीत झाली आहे की मासा आता जेमतेम उरलाय.

काका म्हणाले, "मी मागे एकदा मागितला होता. तुझे बाबा म्हणाले, अजून खिशात आहे, भाव ठरला नाही."

दादा, मी एवढी चोमडी, आणि बाबांच्या खिशात कुठला चाकू असतो ते कधी पाहिलं नाही. हा दवाखान्याने परत दिलेल्या त्यांच्या कपड्यांतून निघाला आणि मी तो न बघताच काउंटरवर टाकला होता.

तर, दवाखाना. पावसाळ्यात बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणंही. आता घरी आणलंय. "त्याला कळवू नकोस," असं त्यांनी सांगितलं नव्हतं, ते सांगूच शकत नव्हते. तू आला नाहीस तर काय, या भीतीने मीच कळवलं नाही.

काल चाकू त्यांच्या डाव्या हातात दिला. आई ओरडत होती, "अगं, बोट कापतील." ते उघडायला बघत राहिले. पण पातं ढकलायची गुंडी तू उजव्या अंगठ्यासाठी बसवलेली. डाव्याला ती लागेना. पुन्हा पुन्हा प्रयत्न केला, मग डाव्या खिशात ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी करायला हवं होतं.

मला गुंडी बसवता येत नाही. पातं उतरवून दुसऱ्या बाजूला ती कशी लावतात, ते तुला येतं. सामान इथे आहे, तुझी जागाही कुणी घेतलेली नाही.

तंबूवाले काका पुन्हा येऊन गेले. मी त्यांना सांगितलं, अजून खिशात आहे.

तुझी,
चोमडी